फ्रेंच दरबारात बॅले कसा घडला (१५७२ ते १७००)

कोंदण

बॅले म्हटलं की आपल्याला पांढरा तलम झगा, बोटांच्या टोकांवर उभी राहिलेली नर्तिका आणि अंधारात बसलेले प्रेक्षक आठवतात. हे चित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे. त्याच्याआधी अडीचशे वर्षांहून जास्त काळ बॅले चालू होता आणि सुरुवातीच्या शंभर वर्षांत तो नाचणारे होते राजे, राण्या, राजपुत्र, सरदार आणि त्यांच्या बायका-मुली. उंच रंगमंच नव्हता. राजवाड्यातल्या दिवाणखान्याची मधली जमीन मोकळी सोडायची, तीन बाजूंना मजल्या-मजल्यांचे सज्जे आणि एका टोकाला छत्राखाली राजाचं आसन. या काळाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगते. फुटायला आलेलं राज्य निदान एका रात्रीपुरतं एकसंध दिसावं, या गरजेतून फ्रान्समधला बॅले उभा राहिला. नाचाची हौस होतीच, पण एवढा पैसा आणि एवढी मेहनत नुसत्या हौसेपायी कोणी ओतली नसती.

या गोष्टीतली पहिली मोठी व्यक्ती म्हणजे कॅथरीन द मेदिची. फ्लॉरेन्सच्या घराण्यातली ही मुलगी १५३३ मध्ये लग्न होऊन फ्रान्सला आली. इटलीच्या दरबारांत तेव्हा नृत्यगुरू होते, नाचावर ग्रंथ लिहिले जात होते, मेजवान्यांमध्ये गाणं, सोंगं आणि नाच गुंफून दाखवायची पद्धत होती. १५५९ मध्ये तिचा नवरा दुसरा हेन्री भाल्यांच्या खेळात जखमी होऊन गेला. नंतर एकामागून एक तिचे तीन मुलगे गादीवर आले. १५६२ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात यादवी सुरू झाली ती १५९८ पर्यंत थांबून थांबून चालूच राहिली. अशा वेळी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सरदारांना एका दालनात आणायचं आणि ठरवून दिलेली पावलं टाकायला लावायची, हा कॅथरीनचा मार्ग होता.

तो दर वेळी साधला असं मात्र नाही. ऑगस्ट १५७२ मध्ये तिच्या मुलीचं, मार्गरीटचं, लग्न प्रोटेस्टंट पक्षाच्या नाव्हारच्या हेन्रीशी लागलं. त्या सोहळ्यात एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरक उभारला होता. राजा नववा चार्ल्स आणि त्याचे भाऊ स्वर्गाचे रक्षक. नवरा मुलगा आणि त्याचे साथीदार स्वर्गावर चाल करून येणार, हरणार आणि नरकात ढकलले जाणार! मग अप्सरांचा तासाभराचा नाच आणि शेवटी कैद्यांची सुटका. हे झालं २० ऑगस्टला. २४ ऑगस्टला, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. हे वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

पुढच्याच वर्षी पोलंडचे राजदूत पॅरिसला आले. कॅथरीनच्या आवडत्या मुलाला, आंजूच्या हेन्रीला, पोलंडच्या सरदारांनी आपला राजा निवडलं होतं. त्विलरीच्या वाड्यात त्यांच्यासाठी जो कार्यक्रम झाला त्याला पुष्कळ अभ्यासक पहिला दरबारी बॅले मानतात. रुपेरी खडकावर बसलेल्या सोळा स्त्रिया दालनात फिरवून आणल्या. त्या म्हणजे फ्रान्सचे सोळा प्रांत. खाली उतरून त्या जवळजवळ तासभर नाचल्या, रांगा एकमेकींत शिरत होत्या, वळत होत्या, थांबत होत्या, तरी एकीचीही जागा चुकली नाही, असं प्रत्यक्ष पाहणाऱ्या ब्रांतोमनं लिहून ठेवलं आहे. नाच संपल्यावर प्रत्येकीनं मीनाकाम केलेला सोन्याचा पत्रा भेट दिला आणि त्यावर त्या-त्या प्रांताची ओळख कोरलेली होती. प्रोव्हान्सच्या पत्र्यावर लिंबं आणि संत्री, शांपान्यच्या पत्र्यावर धान्य, बर्गंडीच्या पत्र्यावर द्राक्षमद्य, ग्वियेनच्या पत्र्यावर लढवय्ये. धर्मयुद्धात होरपळलेला देश परक्या पाहुण्यांसमोर भरलेल्या कोठारासारखा मांडला होता.

आता १५ ऑक्टोबर १५८१ ची रात्र. हाच हेन्री आता फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री झाला होता (भाऊ वारल्याचं कळताच तो रातोरात पोलंड सोडून निघून आला होता). त्याचा लाडका सरदार ज्वायूझ याचं राणी लुईजच्या बहिणीशी लग्न झालं आणि त्याचे सोहळे अनेक दिवस चालले. त्यातला 'बॅले कोमीक द ला रेन' हा कार्यक्रम राणीनं करवला. लूव्रच्या शेजारच्या पेती-बूर्बों वाड्यातलं मोठं दालन. एका टोकाला राजा आणि त्याची आई, समोरच्या टोकाला सर्सी या चेटकिणीची बाग. एका बाजूला पॅन देवाची राई, दुसऱ्या बाजूला वादकांना लपवणारा सोनेरी घुमट. सुरुवातीलाच सर्सीच्या कैदेतून निसटलेला एक माणूस धावत राजासमोर येतो आणि त्याच्याकडे संरक्षण मागतो. म्हणजे राजा प्रेक्षक असूनही कथेतलं पात्र झाला. मग राणी आणि तिच्या सख्या जलदेवता होऊन कारंज्याच्या रथातून येतात, नाचतात, सर्सी कांडी फिरवून त्यांना जागच्या जागी थिजवते. मर्क्युरी देव ढगातून उतरून त्यांना सोडवतो, तर सर्सी त्यालाही थिजवते. शेवटी मिनर्व्हा देवी आणि ज्युपिटर देव येतात, चेटकीण हरते, तिची कांडी राजाच्या हाती दिली जाते. त्यानंतरच्या मोठ्या नाचात चाळीस आकृत्या होत्या: चौकोन, त्रिकोण, वर्तुळं. ते सगळं सज्जातून वरून पाहायचं होतं, मोठ्या अंगणातली रांगोळी गच्चीवरून पाहावी तसं. कार्यक्रम रात्री दहाच्या सुमारास सुरू झाला आणि पहाटे साडेतीनला संपला.

बांधणी केली होती बाल्दासारे दा बेल्जोयोसो या इटालियन व्हायोलिनवादकानं, फ्रान्समध्ये त्याचं नाव बोज्वायो झालं. १५८२ मध्ये त्यानं या कार्यक्रमाचं सचित्र पुस्तक छापलं. त्यात कविता, स्वरलिपी, रथांची चित्रं असं सगळं आहे, म्हणून आपल्याला ही रात्र इतकी नीट माहीत आहे. बॅलेची त्याची व्याख्याही तिथेच सापडते: अनेक वाद्यांच्या सुसंवादावर एकत्र नाचणाऱ्या माणसांची भौमितिक रचना. पावलांबद्दल, उड्यांबद्दल, भावाबद्दल त्यात चकार शब्द नाही. कोण कुठे उभा आहे, एवढंच.

तेराव्या लुईबद्दल थोडक्यात. २९ जानेवारी १६१७ ला, पंधरा वर्षांचा असताना, तो रेनो या चेटकिणीच्या मोहात अडकलेल्या वीराच्या सुटकेवरच्या बॅलेत अग्नीचा राक्षस झाला आणि शेवटी सेनापती गॉडफ्रे म्हणून सिंहासनावर बसला. तेव्हा राज्याची सूत्रं त्याच्या आईच्या आणि तिच्या मर्जीतल्या कोंचिनीच्या हातात होती. २४ एप्रिलला राजाच्या हुकमावरून कोंचिनीला ठार केलं गेलं. बॅले बारकाईनं पाहिलेल्या दरबाऱ्यांना त्याचं फार आश्चर्य वाटलं नसावं.

चौदाव्या लुईवर प्रतिसादांतून बोलू. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे.

पैंजण

फार सुंदर लिहिलंय कोंदणताई. मी कथक शिकवते, त्यामुळे माझा प्रश्न सरळ पायांचा आहे. राण्या आणि सरदार नेमकी कोणती पावलं टाकत होते? आकृत्या कळल्या, पण शरीर काय करत होतं?

जुनीपानं

पैंजण, याचं उत्तर एका पाद्रीबुवांनी देऊन ठेवलंय. फ्रान्सच्या लांग्र गावातल्या चर्चमधल्या जेआं ताबुरो यांनी थ्वानो आर्बो या टोपणनावानं 'ऑर्केझोग्राफी' हा ग्रंथ लिहिला, १५८९ च्या सुमारास तो छापून आला. सगळा ग्रंथ म्हणजे गुरू आणि काप्रियोल नावाचा तरुण शिष्य यांचा संवाद. शिष्य वकिली शिकून आलाय, पण चार लोकांत नाचता येत नाही म्हणून त्याची अडचण होतेय.

त्यात स्वरलिपी उभी छापलीय आणि प्रत्येक स्वरासमोर त्या वेळी करायची हालचाल लिहिलीय. पावान म्हणजे संथ, रुबाबदार चाल: दोन साधी पावलं, एक दुहेरी पाऊल, मग तसंच मागे. गायार्दमध्ये पाच पावलं असतात, चार वेळा पाय पुढे फेकायचा, मग एक उडी आणि ठाम उभं राहणं. ब्रान्ल हा हात धरून गोलात किंवा रांगेत करायचा. व्होल्तमध्ये पुरुष बाईला उचलून फिरवतो, त्यावर आर्बो नाक मुरडतो. हेच नाच दरबारी मेजवानीनंतर सगळे नाचायचे. बॅलेसाठी वेगळी पावलं नव्हती, वेगळी होती ती मांडणी.

कोंदण, लेख आवडला, पण तुमच्या मूळ मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. नुसतं राजकारण म्हणून पाहिलं तर त्या लोकांचा विश्वास निसटतो. १५७० मध्ये कवी बाइफ आणि संगीतकार कूरव्हील यांनी नवव्या चार्ल्सच्या परवानगीनं कविता आणि संगीताची अकादमी काढली. प्राचीन ग्रीकांप्रमाणे शब्दांचे लघु-गुरू आणि स्वरांची लांबी एकमेकांशी जुळवली, तर ऐकणाऱ्याचं मनही ताळ्यावर येईल, अशी त्यांची खरीखुरी श्रद्धा होती. ग्रहगोल ठरलेल्या प्रमाणात फिरतात, तशीच माणसं प्रमाणात हलली तर समाजात शांतता येते, हा विचार तेव्हाच्या शिकलेल्या लोकांत सर्रास होता. त्या चाळीस आकृत्या मला दिखाव्यापेक्षा प्रार्थनेच्या जवळच्या वाटतात. देश जळत होता आणि हे लोक आपल्याला येत होतं त्या मार्गानं आग विझवू पाहत होते.

कोंदण

जुनीपानं, बाइफच्या अकादमीचा उल्लेख आणलात हे फार बरं झालं. श्रद्धा होती, हे मला पूर्ण मान्य. पण त्या श्रद्धेत राजा कुठे बसतो ते पाहा. सर्सीची कांडी देवांच्या हाती राहत नाही, राजाकडे जाते. ग्रहांच्या सुसंवादाचं केंद्र छत्राखाली बसलेलं आहे. त्यामुळे प्रार्थना आणि राजकारण मला इथे वेगळे काढता येत नाहीत. आणि आग विझली नाहीच. ज्याच्या लग्नासाठी हा बॅले झाला तो ज्वायूझ १५८७ मध्ये कूत्राच्या लढाईत नाव्हारच्या हेन्रीशी लढताना पडला. १५८९ मध्ये तिसऱ्या हेन्रीचा खून झाला. १५७२ च्या नाटकात नरकात ढकललेला तो नाव्हारचा हेन्रीच पुढे चौथा हेन्री म्हणून गादीवर आला!

आभा_क

चौदाव्या लुईच्या सूर्याबद्दल कोणीतरी लिहा ना. तो खरंच सूर्य होऊन नाचला होता का?

कोंदण

हो, आभा. तारीख २३ फेब्रुवारी १६५३, जागा तीच, पेती-बूर्बों. बॅलेचं नाव 'बॅले द ला न्वी', रात्रीचा बॅले. राजा चौदा वर्षांचा होता.

आधीची पाच वर्षं फ्रोंद नावाचं बंड चाललं होतं. पॅरिसच्या न्यायसभेनं आणि मग खुद्द राजघराण्यातल्या माणसांनी राजाच्या आईविरुद्ध आणि मंत्री माझारँविरुद्ध शस्त्र उचललं होतं. लहान राजाला रात्री पॅरिसमधून पळवून न्यावं लागलं होतं. माझारँ फेब्रुवारीच्या सुरुवातीला पॅरिसला परतला आणि तीन आठवड्यांच्या आत हा बॅले झाला.

शब्द बांसरादचे, यंत्रं आणि देखावे तोरेल्लीचे. रात्रीचे चार प्रहर पाडले होते आणि त्यात चाळीसहून जास्त प्रवेश होते. पहिल्या प्रहरात संध्याकाळचं शहर: घरी परतणारे शिकारी, दुकानं बंद करणारे व्यापारी, दिवे लावणारे, आणि भिकाऱ्यांची वस्ती, जिथे दिवसभर लंगडे-आंधळे असलेले लोक रात्री धडधाकट होतात. दुसऱ्यात मेजवान्या आणि करमणूक. तिसऱ्यात चंद्रदेवी, चेटकिणींचा मेळावा, पेटलेलं घर आणि त्यातून जीव घेऊन पळणारे लोक. चौथ्यात झोप आणि स्वप्नं. मग उषा येते आणि तिच्यामागून उगवता सूर्य, म्हणजे लुई. त्याच्या पोशाखाचं चित्र आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे: डोक्यावर किरणांचा मुकुट आणि पिसांचा तुरा, छातीवर, गुडघ्यांवर, बुटांवरसुद्धा सोनेरी किरण. त्याच्यासोबत कीर्ती, पराक्रम, विजय, शांती अशी पात्रं.

बंड, चोर, चेटकिणी, आग हे सगळं रात्रीत टाकलं, आणि सकाळ म्हणजे राजा. प्रेक्षकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाच वर्षांची रात्र त्यांनी स्वतः पाहिली होती.

याच बॅलेत वीस वर्षांचा एक इटालियन पोरगा अनेक छोट्या भूमिकांत नाचत होता. तो जोव्हान्नी बात्तिस्ता लुल्ली, पुढचा प्रसिद्ध संगीतकार लुली. काही आठवड्यांतच राजानं त्याला आपल्या वाद्यसंगीताचा रचनाकार नेमलं.

सीनकाठची

मी पॅरिसमध्ये राहते, म्हणून जागांबद्दल थोडं. पेती-बूर्बों शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. लूव्र पूर्वेकडे वाढवण्यासाठी १६६० मध्ये ते दालन पाडायला घेतलं. तेव्हा तिथे मोलिएरची नाटक मंडळी खेळ करत होती, त्यांना पॅले-रॉयालला जावं लागलं. आज लूव्रची पूर्वेकडची खांबांची भव्य दर्शनी बाजू दिसते, साधारण त्या भागात १५८१ आणि १६५३ च्या रात्री झाल्या. तिथून बस जाते आणि पर्यटक फोटो काढतात.

मात्र व्हो-ल-व्हिकोंतचा वाडा उभा आहे आणि पाहता येतो. १७ ऑगस्ट १६६१ ला अर्थमंत्री फुकेनं राजाला तिथे मेजवानी दिली. बागेत मोलिएरचं 'ले फाशो' हे नाटक झालं. चांगले नर्तक मोजकेच होते आणि त्यांना पोशाख बदलायला वेळ हवा होता, म्हणून नाचाचे भाग नाटकाच्या अंकांमध्ये विखरून टाकले, असं मोलिएरनं स्वतःच लिहिलंय. त्यातून नाटक आणि बॅले एकत्र विणण्याचा नवा प्रकार जन्मला. फुकेला मात्र तीन आठवड्यांच्या आत अटक झाली आणि तो उरलेलं आयुष्य कैदेत राहिला. त्या बागेत चालताना मला मोलिएरपेक्षा त्याचीच आठवण जास्त येते.

तालमाला

१६६१ म्हटलं की नृत्याची अकादमी आलीच. मार्च १६६१ मध्ये राजानं तेरा नृत्यगुरूंची 'अकादेमी रोयाल द दान्स' स्थापन केली. सनदेत कारण दिलंय: युद्धांच्या गोंधळात नाच बिघडला आहे, आणि आमच्या बॅलेत उतरण्याजोगी माणसं दरबारात फार थोडी उरली आहेत. नाच हा शरीर घडवणारा आणि शस्त्रविद्येला उपयोगी व्यायाम आहे, असंही त्यात म्हटलंय.

याला वादकांच्या संघानं कडाडून विरोध केला. तोवर पॅरिसमध्ये नृत्यगुरू म्हणजे व्हायोलिन वाजवणारा माणूस. खिशात मावेल एवढं चिमुकलं व्हायोलिन घेऊन तो घरोघरी शिकवायला जायचा, स्वतःच वाजवायचा आणि स्वतःच पावलं दाखवायचा. वादक आणि नर्तक एकाच संघात होते. नाचाला वादकांची गरज नाही, तो स्वतंत्र आहे, असं अकादमीवाले म्हणू लागले तेव्हा संघाचा प्रमुख ग्योम द्यु मान्वार यानं १६६४ मध्ये संगीत आणि नृत्याच्या विवाहावर एक पुस्तिकाच लिहिली. मी तबला वाजवतो, त्यामुळे माझा कौल कुठे जाईल हे उघड आहे. नाचाला स्वतःची संस्था मिळाली ते चांगलंच झालं, पण वाजवणारा आणि नाचणारा एकाच माणसात असण्याची ती जुनी शिस्त मोडली, हे नुकसान मला लहान वाटत नाही.

पैंजण

तालमाला, अगदी मनातलं बोललात. आम्ही पढंत करतो, म्हणजे नाचाचे बोल तोंडानं म्हणतो, ती याचसाठी, लय तोंडात असली की पायात उतरते.

अजून एक विचारते, पाय बाहेर वळवून उभं राहायची पद्धत आणि बॅलेतली पाय ठेवायची ती ठरलेली पाच स्थानं याच काळातली का?

जुनीपानं

हो. पाच स्थानं पिएर बोशां यांनी बसवली, असं पिएर रामो या नृत्यगुरूनं १७२५ च्या ग्रंथात नोंदवलंय. बोशां हे राजाचे नृत्यशिक्षक, राजाला त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. पाय तेव्हा आजच्याइतके सपाट बाहेर वळत नव्हते, कोन लहान होता. त्यात रुबाब होता, पोटरीची रेषा समोरच्याला दिसायची, आणि कुठल्याही दिशेला चटकन पाऊल टाकता यायचं. रिगोनं १७०१ मध्ये काढलेलं राजाचं प्रसिद्ध चित्र पाहा. त्रेसष्टीला टेकलेला लुई, खांद्यावर जड राजवस्त्र, पण ते मुद्दाम बाजूला सारून पाय दाखवलेत, आणि ते नर्तकाच्या स्थितीत आहेत.

आभा_क

आणि बायका? १५७३ आणि १५८१ मध्ये तर बायकाच केंद्रस्थानी होत्या. मग 'पहिली व्यावसायिक नर्तिका १६८१' असं जे वाचायला मिळतं ते कसं?

कोंदण

दोन्ही खरं आहे. घराण्यातल्या बायका दरबारात नाचत होत्या, त्यात त्यांचा मान होता. पैसे घेऊन नाचणारे मात्र मुख्यतः पुरुष होते आणि मुखवटा लावून स्त्रीपात्रंही तेच करायचे. १६७२ मध्ये लुलीनं ऑपेराचा शाही परवाना मिळवला आणि बॅले तिकीट काढून येणाऱ्या लोकांसमोर गेला. जानेवारी १६८१ मध्ये सँ-जेर्मँच्या राजवाड्यात लुलीचा 'प्रेमाचा विजय' झाला तेव्हा राजघराण्यातल्या बायका त्यात नाचल्या. तोच बॅले मे महिन्यात पॅरिसच्या सार्वजनिक रंगमंचावर आला. राजकन्या तिथे नाचणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांच्या जागी ला फोंतेन आणि तिच्या सोबतिणी उभ्या राहिल्या. एका बिकट अडचणीतून बायकांना हा पेशा खुला झाला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत आनंदाची घटना वाटते.

सीनकाठची

राजानं स्वतः नाचणं का सोडलं, यावरही लिहा. रासीनच्या 'ब्रितानिक्यूस' नाटकात रोमन सम्राट नीरोवर टीका आहे की तो लोकांसमोर तमाशा करतो, ती ऐकून लुई ओशाळला, ही गोष्ट इथे सगळे सांगतात.

कोंदण

गोष्ट जुनी आहे, पण एका नाटकातल्या चार ओळींनी एवढा मोठा निर्णय झाला असं मला पटत नाही. १६६९ च्या 'बॅले द फ्लोर' मध्ये तो नाचला. फेब्रुवारी १६७० च्या 'ले आमां मान्यिफीक' मध्ये नेपच्यून आणि अपोलो या भूमिकांसाठी त्याचं नाव छापलेलं होतं, आणि त्यानंतर तो बॅलेत दिसत नाही. तेव्हा तो एकतिसाचा होता. बोशांसारख्यांनी वीस वर्षांत नाच इतका अवघड करून ठेवला होता की, राज्यकारभार पाहून फावल्या वेळात तो पेलणं कठीण होतं. शिवाय १६५३ मध्ये त्याला आपण सूर्य आहोत हे नाचून सिद्ध करावं लागलं, १६७० मध्ये त्याची गरज उरली नव्हती.

तालमाला

राजा बाजूला झाल्यावर नाच कागदावर लिहिण्याच्या लिपीची गरज निर्माण झाली, असं मला वाटतं. राउल-ओझे फोये यानं १७०० मध्ये 'कोरेग्राफी' छापलं. त्यातलं एक पान समोर ठेवून सांगतो. वर एका ओळीत चालीचे स्वर. खालचं उरलेलं पान म्हणजे दालनाची जमीन, वरून पाहिलेली. त्यावर वळणं घेत जाणारी रेघ हा नर्तकाचा मार्ग. पुरुषाला एक अर्धवर्तुळ, बाईला दुहेरी. रेघेला आडव्या छोट्या खुणा, त्या संगीताच्या मात्राखंडांशी जुळतात. रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला पावलं, आणि प्रत्येक पावलावर बारीक चिन्ह: गुडघा वाकवा, चवड्यावर उठा, उडी मारा, पाय घसरत न्या. हात जवळजवळ नाहीतच. बोज्वायोच्या भौमितिक रचना शंभर वर्षांनंतरही कागदावर तशाच दिसतात, फक्त आता त्या पोस्टानं कुठल्याही गावी पाठवता येत होत्या. १७०४ मध्ये म्हाताऱ्या बोशांनी तक्रार केली की ही चिन्हं मूळ माझी, राजाच्या सांगण्यावरून मीच ती तयार केली होती. पण पुस्तक फोयेच्या नावावर निघालं होतं आणि युरोपभर ती लिपी त्याच्याच नावानं ओळखली गेली.

पैंजण

ते पान इथे चिकटवता आलं तर बघा. माझ्या मोठ्या विद्यार्थिनींना घेऊन एक छोटा मिन्युएट (त्या काळचा जोडीनं करायचा नाच) त्यावरून वाचून पाहायचाय. तालमाला, स्वर तुम्ही वाचा, पावलं आम्ही वाचू.